हलव्याच्या डब्यातले चार वॅट

४ सप्टेंबर

झाला! आज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी माझा नवा रेडिओसेट बोलला. हलव्याच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात अख्खा मावलाय, वजनाला बायकोच्या, बातिनाच्या, इस्त्रीपेक्षा हलका, आणि ताकद मोजून चार वॅट. आमच्या स्वयंपाकघरातला दिवासुद्धा याहून जास्त खातो. पहिली हाक मारली आणि पहिल्याच हाकेला नोवोसिबिर्स्क. असा दणदणीत, की टेबलावरचा चमचा थरथरला. मग अर्ध्या तासाने एक जपानी. मी खुर्चीवरून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या, कारण बसवेना.

बातिना दारात येऊन काहीतरी बोलली. मी म्हटलं, "नोवोसिबिर्स्क." ती म्हणाली, "जेवायचं का म्हणून दोनदा विचारलं." हल्ली ही फार पुटपुटते.

लगेच शेर्गाझीला फोन लावला. हा माझा जुना जोडीदार. बावीस वर्षं आम्ही दोघं खिंडीवरच्या हिमलोट पथकात होतो. रस्त्यावर बर्फ कोसळायच्या आत तोफ डागून तो आपणच पाडायचा, हे आमचं काम. तो गोळा भरायचा, मी दोरी ओढायचो. आता तो कोचकोरला राहतो आणि एक हजार वॅटचा सेट घेऊन बसलाय. त्याने कळ दाबली की गल्लीतले दिवे डोळे मिचकावतात. मी त्याला मगर म्हणतो. आमच्या छंदात ज्याचं तोंड भलंमोठं आणि कान नावालाच, त्याला मगर म्हणायची पद्धत आहे.

पैज लागली ती अशी. कमी ताकदीवर माझे पाच खंड झालेत, राहिला एकच, दक्षिण अमेरिका (अंटार्क्टिका आम्ही धरत नाही). ऑक्टोबरअखेर त्याच्याकडे आम्हा रेडिओवाल्यांचा मेळावा असतो. तोवर चार वॅटवर मी दक्षिण अमेरिका गाठायची. संगणक वापरायचा नाही. मोर्स स्वतःच्या हाताने पाठवायचं, स्वतःच्या कानाने घ्यायचं. जमलं तर तो सगळ्यांसमोर माझ्या डब्याला मुजरा करणार. नाही जमलं तर त्याचं जुनं अ‍ॅम्प्लिफायर माझ्या टेबलावर येणार, आणि कमी ताकद हा पोरखेळ आहे असं मी उभं राहून म्हणणार.

म्हणणार! मेलो तरी नाही म्हणणार.

७ सप्टेंबर

किटलीची शिट्टी बिघडली होती म्हणून बाजारातून नवी आणली. तीही मुकी. परत घेऊन गेलो. दुकानदारीणबाईने तिथेच शेगडीवर पाणी ठेवलं, उकळू दिलं, मग बातिनाकडे पाहिलं. बातिना वरच्या फळीकडे पाहत होती. बाईने वाद न घालता बदलून दिली. ही तिसरीही मुकीच निघाली. हल्ली कशातच दम राहिला नाही.

१२ सप्टेंबर

आजचा दिवस सोन्याचा!

जगभर काही हौशी लोकांनी आपापल्या घरी यंत्रं लावून ठेवली आहेत. ती रात्रंदिवस ऐकत बसतात आणि कुणाची हाक कानी पडली की त्याचं नाव इंटरनेटवर चढवतात. आल्तिनायने बिश्केकला जाण्यापूर्वी ते माझ्या फोनवर लावून दिलं होतं. लेक हुशार आहे, माझ्यावर गेली. तर आज संध्याकाळी सव्वासहाला मी हाक मारली आणि फोनवर माझी कॉलसाइन झळकली, आणि समोर लिहिलेलं, ब्राझील. माझे चार वॅट, हलव्याच्या डब्यातून निघून, ब्राझीलला! एसेनकुल नावाचे आमच्या नारिनमध्येच छप्पन्न असतील, पण ही कॉलसाइन जगात एकट्या माझी. हवेतलं माझं नाव आहे ते.

बातिनाला फोन दाखवला. ती शिरदाक, लोकरीचा नक्षीदार गालिचा, शिवत होती; सुई न थांबवता म्हणाली, "मग बोलला का कुणी?"

बोललं कुणी नाही. पण ऐकू तर गेलं.

१३ सप्टेंबर

पुन्हा ब्राझील. शिवाय अर्जेंटिना. उत्तर नाही.

१४ सप्टेंबर

उत्तर नाही.

१७ सप्टेंबर

आता लक्षात येतंय. ऐकतात ते, पण बारीक आवाजाला कोण विचारतो? मोठमोठ्या सेटवाल्यांशी गप्पा मारण्यात त्यांना रस. म्हणजे मला आणखी चांगली अँटेना हवी. बंगल्याची हौस कधी केली नाही, गाडी तीच जुनी निवा आहे, पण तांब्याची तार मी उत्तमच वापरणार.

२१ सप्टेंबर

दिवसभर तार चढवली. एक टोक पॉपलरच्या झाडाला, दुसरं गोठ्याच्या आढ्याला. बातिनाने खालून दोरी धरली होती. वर असताना तिने काहीतरी हाका मारल्या म्हणे, मी भलतीकडेच ओढत राहिलो आणि तिची दोन बोटं सोलवटली. मी म्हटलं, "जरा मोठ्याने बोलायला काय होतं?" मलम मीच लावलं.

पॉपलरवर यंदा चिमण्याही नाहीत. बसलेल्या दिसतात, पण चिवचिव म्हणून नाही.

आणखी एक. जेवायला बोलवायचं झालं की ही हल्ली पातेल्यावर डाव आपटते, वासराला बोलवावं तसा. अडतीस वर्षांत हिने माझं नाव एकदाही तोंडातून काढलेलं नाही. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं आणि सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाहीत. माझ्या आईने घेतलं नाही, हिनेही नाही. "अहो", नाहीतर "आल्तिनायचे बाबा". ते चालतं. पण डाव? विचारलं तर म्हणाली, "आवाज जाड असला की बरं पडतं." स्वभाव तिरसट होत चाललाय, वयाचा दोष.

२९ सप्टेंबर

बिश्केकहून वर्षभराच्या कार्डांचं पुडकं आलं! बोलणं झालं की एकमेकांना कार्ड पाठवायचं, ही आमची रीत. बावन्न कार्डं, सगळी जमिनीवर मांडून मध्ये बसलो. त्यात एक उरुग्वेचं. मासेमारीची होडी काढली आहे वर, आणि मागे बाईंच्या अक्षरात इंग्रजीतला मजकूर. शब्दकोश घेऊन बसलो. लिहिलं आहे ते असं:

"गेल्या नोव्हेंबरात तुमची हाक स्वच्छ ऐकली. पाच वेळा उत्तर दिलं. तुम्ही पुन्हा पुन्हा हाकच मारत राहिलात. फार वाईट वाटलं. पुन्हा भेटू या."

म्हणजे गेल्या वर्षीच, जुन्या सेटवर, उरुग्वेने मला ऐकलं होतं. माझा आनंद पोटात मावत नव्हता. बातिनाने कार्ड हातात घेतलं, मजकुराचा अर्थ विचारला आणि बराच वेळ ते परत दिलं नाही.

आता कोडं सुटलं. अडचण माझ्या आवाजाची नाहीच. डोंगराची आहे. नारिन पडलंय खोबणीत. समोरचा डोंगर माझं जाऊ देतो, तिकडचं येऊ देत नाही. हवेतली वाट दोन्हीकडून सारखी असते हे मीच शेर्गाझीला फळ्यावर आकृती काढून शिकवलंय, पण डोंगराची गोष्ट वेगळी असणार.

६ ऑक्टोबर

शेर्गाझी आला होता. घरात शिरला तरी काल्पाक टोपी डोक्यावर, कानांवर पार खालपर्यंत ओढलेली. दोन वर्षांपूर्वी बिश्केकला दात काढायला म्हणून गेला, तेव्हापासून ही तऱ्हा. मी म्हटलं, टक्कल पडलं की काय. त्याने ती आणखी खाली ओढली.

चहा झाल्यावर बातिना मुद्दाम उठून बाहेर गेली. मग तो म्हणाला, "काल संध्याकाळी मी तुझ्याच फ्रिक्वेन्सीवर कान लावून बसलो होतो. अर्जेंटिनावाला तुला तीनदा बोलावत होता. तू त्याच्या बोकांडी बसून आपलीच हाक मारत होतास."

मी म्हटलं, पैज जिंकायला खोटं बोलायची गरज नाही.

"एसेनकुल, बावीस वर्षं आपण तोफेशेजारी उभे होतो. कानात काय घालायचो? कापूस."

मी उठलोच. म्हटलं, हजार वॅटच्या मगरीने मला कानांचे धडे देऊ नयेत. पातेलंभर मटण-शेवयांचं बेशबर्माक तसंच टाकून तो निघून गेला. जाताना अंगणात बातिनाशी बोलत उभा होता. काय बोलले ते ऐकू आलं नाही, लांब होते. तसे फार लांब नव्हते.

११ ऑक्टोबर

पाच दिवस काही लिहिलं नाही. आज लिहितो, कारण कुठेतरी ठेवायला हवं.

सकाळी बातिना दूध आणायला गेली तेव्हा वडिलांचं चावीचं घड्याळ काढलं. लहानपणी हे दुसऱ्या खोलीतून ऐकू यायचं. डाव्या कानाला लावलं. उजव्या कानाला लावलं. म्हटलं बंद पडलं असेल, म्हणून पाहिलं तर सेकंदाचा काटा मजेत फिरत होता. मग किटली ठेवली. पाणी खळखळायला लागलं, तोंडातून वाफेची धार निघाली, त्या धारेवर हात धरून उभा राहिलो. शिट्टी वाजतच असणार. तिन्ही किटल्या वाजत असणार.

दुकानदारीणबाईला काय वाटलं असेल.

भीती वाटते, ती साधीसुधी नाही. चार वॅटवाल्याचं सगळं भांडवल म्हणजे कान. आपलं तोंड लहान, म्हणून कान मोठे ठेवायचे, हे मी गेली तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो. उरुग्वेच्या त्या बाईने पाच वेळा उत्तर दिलं, आणि मी तिच्यावर ओरडत राहिलो. शेर्गाझी नाही, मगर मी आहे.

कुणाला सांगणार नाही. पैज आपोआप हरेन, झालं.

१२ ऑक्टोबर

सेट लावला नाही.

१८ ऑक्टोबर

बातिना म्हणाली, भिंतीपलीकडे शांतता असली की टाके चुकतात. आठवडाभर चुकतायत, शिंगाची एक अख्खी नक्षी उसवावी लागली. मग म्हणाली, "तुम्ही डोंगराला नावं ठेवत होतात ना? मग डोंगरावरच जाऊ. पुढच्या रविवारी. मी बोर्सोक तळते."

मी म्हटलं, काही उपयोग नाही. ती म्हणाली, "उपयोगासाठी कोण जातंय."

तिला माहीत आहे का? मला वाटत नाही. मी फार सांभाळून वागतो.

२५ ऑक्टोबर

घाईने लिहितोय, अक्षर लागत नसेल तर माझं मलाच माफ.

डोलोन खिंडीच्या वाटेवर, पथकाच्या जुन्या चौकीपाशी निवा लावली. कडेला बर्फ होतं, आकाश धुतल्यासारखं. तार टाकली, डबा बॉनेटवर ठेवला. हेडफोन आणले होते, पण बातिना म्हणाली, मलाही ऐकायचंय, म्हणून छोटा स्पीकर लावला. पाचच्या सुमारास सुरुवात केली. हाक मारायची, थांबायचं. स्पीकरमधून मला येत होता नुसता खर्र खर्र. फोनवर बघायचं धाडस केलं नाही. पाऊण तास झाला. सूर्य कड्यावर टेकला. मी बॅटरी सोडवायला हात घातला.

बातिनाने मनगट धरलं. "थांबा. तुम्हाला कुणीतरी बोलावतंय."

"तुला काय कळतंय?"

"तीस वर्षं भिंतीपलीकडे तेच वाजतंय. घरातल्या कोंबड्यांनाही पाठ झालं असेल."

आणि तिने माझा तळहात उलटा करून, त्या सोलवटलेल्या बोटाने त्यावर वाजवलं. एक टिचकी. मग लांब, टिचकी, टिचकी, लांब. आणि पुढची सगळी. एक मात्रा चुकली नाही. माझी कॉलसाइन.

मोर्सचं एक अक्षर तिला येत नाही. पण कानावर पडेल तो ताल ती बोटाने जशाच्या तसा उतरवू शकते, शिरदाकावर नक्षी उतरवते तशी. मी कळेवर पाठवलं, कृपया सावकाश, फार सावकाश, पुन्हा पुन्हा. डावा हात तिच्या मांडीवर, उजवा कळेवर. ती डोळे मिटून ऐकत होती आणि तळहातावर वाजवत होती, मी अक्षरं वाचत होतो. त्याच्या कॉलसाइनची पहिली दोन अक्षरं जुळली तेव्हा मी ओरडलोच, ब्राझील! तिने दुसऱ्या हाताने माझं तोंड दाबलं. "गप्प बसा, तो बोलतोय."

आवाज किती मोठा येतो ते नऊपैकी आकड्यात कळवायचं असतं. मी काय कळवणार? तिला विचारलं. ती म्हणाली, "दूध उतू जायच्या आधी सळसळतं ना, तेवढा." मी चार कळवला. त्याने मला तीन दिला. मग त्याचं नाव आलं, तिच्या बोटाखालून, एकेक अक्षर, डालमीरो. मी माझं कळवलं. त्याने विचारलं ताकद किती? मी म्हटलं चार वॅट. मग बराच वेळ तिचं बोट थांबलं. मला वाटलं गेला. आणि तिने पुन्हा सुरू केलं, आधीपेक्षा जोरात, तो एकच शब्द तीनदा पाठवत होता म्हणे: शाबास, शाबास, शाबास.

मी रडलो. बातिनाने बोर्सोक पुढे केला. मी रडत रडत खाल्ला.

गाडीत म्हटलं, "तुला माहीत होतं."

"दोन वर्षं झाली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात किटली बिघडली. मी म्हटलं, बिघडू दे."

२७ ऑक्टोबर

काल दिवसभर नोंदवही उघडी ठेवून बसलो. सगळं आहे तिथे: वेळ, देश, नाव, आकडे. शेर्गाझीला दाखवली की पैज माझी. डोंगरावर आम्ही दोघंच होतो. पण अट होती, स्वतःच्या कानाने. आणि तो कान माझा नव्हता.

बातिनाचं म्हणणं, अडतीस वर्षांत माझं-तुमचं कधी वेगळं होतं? तिचं म्हणणं गोड आहे. पण पैजेत बसत नाही.

३० ऑक्टोबर

कोचकोर. अकरा रेडिओवाले, एक मेंढी आणि एक बाई, माझी. मी उभा राहिलो. आधी ब्राझील सांगितलं, तर टाळ्या पडल्या. मग पुढचं सांगितलं, घड्याळ, किटली, डोंगरावरचा तळहात, सगळं. "हात माझा होता, कान हिचा. म्हणून मी हरलो. मगर मी आहे. पण कमी ताकद पोरखेळ आहे असं मात्र म्हणणार नाही, काय वाटेल ते करा. अ‍ॅम्प्लिफायर आण इकडे."

शेर्गाझी उठला, माझ्यासमोर आला आणि त्याने काल्पाक काढली. टक्कल वगैरे काही नव्हतं. दोन्ही कानांमागे शेंगदाण्याएवढी यंत्रं.

"हे घे अ‍ॅम्प्लिफायर," तो म्हणाला. "टेबलावर नाही, कानात घालायचं. डॉक्टरचा पत्ता देतो. मला लाज वाटत होती म्हणून दोन वर्षं टोपीत फिरलो. तू मला मगर म्हणायचास ना, ते बरोबरच होतं."

मग त्याने माझ्या डब्याला मुजरा केला. मी म्हटलं, हरलेल्याला कसला मुजरा. तो म्हणाला, डब्याला करतोय, तुला नाही.

निघताना त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती मला इतकी वर्षं सुचू नये याचं नवल वाटतं. म्हणाला, "तुझ्या सेटमधून मोर्स शिट्टीसारखं येतं. पट्टी खाली घे. आपले वरचे सूर गेलेत, खालचे अजून शाबूत आहेत."

३ नोव्हेंबर

तीन दिवस डबा उघडून बसलो होतो. एक गुंडाळी काढली, दुसरी जास्त वेढ्यांची बसवली. आज दुपारी हेडफोन चढवले. शिट्टी कुठेच नव्हती. पण खाली, खूप खाली, भुंगा गुरगुरावा तसं काहीतरी. आधी एक. मग त्याच्या मागे दुसरा. मग तिसरा, अगदी बारीक. अख्खी हवा भुंग्यांनी भरलेली होती, आणि मी दोन वर्षं म्हणत होतो, वातावरण खराब आहे. कझानचा एक म्हातारा फक्त दोन वॅटवर होता, माझ्याहून निम्मा! त्याला मी स्वतःच्या कानाने घेतला, पहिल्या हाकेला. उद्या डॉक्टरकडेही जायचंय, पण त्याआधी उरुग्वेच्या बाईंना शोधायचंय. त्यांची पाच उत्तरं माझ्याकडे राहिली आहेत.

हे लिहीत असताना स्वयंपाकघरातून पातेल्यावर डाव वाजायला लागला. मी म्हटलं, आलं वासराला बोलावणं. आणि मग हात थांबला. एक टिचकी. मग लांब, टिचकी, टिचकी, लांब. पुढची सगळी, एकही मात्रा न चुकता. तिने आयुष्यात पहिल्यांदा मला नावाने हाक मारली होती.

चहा झाला होता. मी लगेच उठून गेलो.